साडेअकरा कोयते

बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावच्या बाजारपेठेत शिवलिंगप्पाचं, सगळ्यांच्या अप्पाचं, बी-बियाण्याचं दुकान आहे. त्याच्या माडीवर दोन हजार एक साली एक कॉम्प्युटर आला आणि त्याच्यापुढं यशोधरा बन्सी ओव्हाळ बसायला लागली. ती तिथं नेमकं काय करते, हे गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. खरं सांगायचं तर तिलाही नाही. नेमणुकीच्या कागदावर 'अर्धवेळ डाटा एन्ट्री ऑपरेटर' असं छापलं होतं. भीमनगरातल्या केसरबाईनं एकदा विचारलं, म्हंजे टायपिंग का गं? यशोधरानं हो म्हणून विषय मिटवला, पण आतून चरफडली. नुसतं टायपिंग असतं तर दुपारी दोनच्या ठोक्याला उठून ती घरी गेली असती. ती चार चार वाजेपर्यंत हलायची नाही.

काम असं होतं. पुण्याच्या एका ट्रस्टनं ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी आरोग्याचं ओळखपत्र काढलं होतं. दसरा झाला की आपल्याकडची माणसं ट्रकात संसार भरून खाली कारखान्यांवर जातात, ती चार-सहा महिने तिकडंच. तिथल्या मुक्कामाच्या अड्ड्यावर ट्रस्टच्या डॉक्टरची गाडी यायची आणि यादीत नाव असेल त्याला तपासायची, औषध द्यायची, जास्तच असलं तर मोठ्या दवाखान्यात न्यायची. यंदापासून ही यादी कॉम्प्युटरवर होणार होती आणि नाव नोंदायचा प्रोग्राम पुण्याच्या एका कंपनीनं बनवून दिला होता. माणसं माडी चढून यायची, यशोधरा विचारायची, ती सांगायची, ही टाइप करायची.

पण माणसं अशी सरळ सांगतात होय! पहिलाच प्रश्न, पतीचं नाव. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बाई पदर तोंडाशी धरून गप्प बसायची आणि शेजारणीकडं बघायची, मग शेजारीण नाव सांगायची. शेजारीण सोबत नसली तर बाई उठून चालू लागायची. दुसरा प्रश्न जन्मतारीख. उत्तर ठरलेलं : दुष्काळाच्या साली, नाहीतर दुष्काळाच्या आदल्या साली. तारीख टाकल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. यशोधरानं एक दोनशे पानी वही केली आणि कोण कुठं अडलं, किती वेळ अडलं, मग त्यानं काय केलं, हे लिहून ठेवायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यासमोर माणूस अडून बसलेला बघितला की तिच्या जिवाला चैन पडायचं नाही, एवढंच त्याचं कारण.

तिची माय दगडाबाई. नवरा बन्सी जाऊन सहा वर्षं झालेली, पण ऊसतोडीची खेप चुकली नव्हती. आता तोडीच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको पाचट काढून मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवते, तरी हिशेबात दोघं मिळून एक. नवरा नसलेली बाई म्हणजे अर्धा कोयता. मुकादम अर्ध्या कोयत्याला नाखुशीनंच घेतात. धोंडीराम मुकादम दगडाबाईला घ्यायचा, कारण ती कुणाच्याही जोडीला लागायची आणि कुरकुर करायची नाही.

गेल्या जानेवारीत दगडाबाईच्या पायावर कोयता बसला. चार दिवसांनी डॉक्टरची गाडी अड्ड्यावर आली, तेव्हा ती लंगडत जाऊन रांगेत उभी राहिली. यादी मुकादमाच्या कागदावरून केलेली, त्यात तिचं नाव नव्हतं. यादीवाल्यानं तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली. हळद दाबून, फडकं बांधून तिनं पुढचे दहा दिवस तोडणी केली आणि घरी परत आली तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं गेलेली होती. यशोधरानं ही नोकरी धरली ती त्या दोन बोटांपायी. ह्या वर्षी मायचं नाव यादीत पाहिजे, बस्स. बाकी जगानं काय करायचं ते करावं.

दसऱ्याला वीस दिवस राहिले असताना धोंडीराम माडीवर आला. तंबाखूची पिचकारी खिडकीतून टाकू नका, खाली अप्पाचं गिऱ्हाईक असतं, असं तिनं सांगितलं तेवढ्यात त्यानं टाकलीच. मग स्टुलावर बसून म्हणाला, "आपले साडेअकरा कोयते. लिही."

कार्ड निघायचं ते मुकादमाच्या टोळीत नाव बसलं तरच, आणि टोळीचं पान ती आज पहिल्यांदाच उघडत होती. तिनं त्याचं नाव टाकलं. कारखान्याच्या करारातला आकडा पुण्यावरून आधीच भरून आलेला असायचा आणि तेवढ्याच ओळी पुढं उघडायच्या. पडद्यावर लिहून आलं : कामगार संख्या ११. खाली अकरा ओळी. अकरा गड्यांची नावं त्यात बसली आणि बाराव्या नावाला जागा उरली नाही. प्रोग्रामला साडे कळत नव्हतं, म्हणून त्यानं अर्धा उडवला होता. आणि कोयता म्हणजे दोन माणसं, हे तर त्याच्या गावीही नव्हतं. अकरा बायका यादीतून गेल्या आणि वर दगडाबाई गेली. माणसं तेवीस, पडद्यावर अकरा. आकड्यावर बोट ठेवून तिनं तो बदलायचा प्रयत्न केला, तर मशीन नुसतं टिंग करायचं.

धोंडीरामला यात काही वावगं दिसलं नाही. कागदावर तेवढंच असतंय, म्हणाला. मग दार गाठता गाठता वळून म्हणाला, अर्धा म्हंजे तुजी मायच की. यशोधराच्या डोक्यात तिडीक गेली, पण त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. त्याचा बाप आणि आजाही असंच मोजत आलेले.

माडीवरच्या ऑफिसचे मुख्य होते पंडितराव. माणूस भला, पण पुण्याचा फोन वाजला की उभा राहून बोलणारा. 'समन्वयक' असा रबरी शिक्का त्यांनी स्वतःच्या पैशानं अंबाजोगाईहून करून आणला होता आणि पाण्याच्या माठाची पावती आली तरी त्यावर तो उमटवायचे. यशोधरानं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि सूचनेचा फॉर्म काढून दिला. तिनं भरला. पंडितरावांनी अप्पाच्या फोनच्या तारेवरून तो पुण्याला पाठवला, त्यापायी अप्पाचा फोन तासभर अडकून राहिला आणि अप्पा खालून ओरडत बसला.

तीन दिवसांनी उत्तर आलं. सूचना देणाऱ्याचे पदनाम ऑपरेटर असल्याने सूचना विचारात घेता येत नाही. तिनं दुसरा फॉर्म भरला, यावेळी चार ओळींऐवजी चार पानं. उत्तर आलं : वापरणाऱ्याची चूक, ऑपरेटरने प्रशिक्षण पुस्तिका वाचावी. हे वाचून ती खुर्चीतून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, परत गेली. वापरणाऱ्याची चूक! म्हणजे दगडाबाईनं जोडीला नवरा आणला नाही ही तिची चूक. तिसऱ्या फॉर्मला उत्तरच आलं नाही. दसरा बारा दिवसांवर आला होता. रोज एक टोळी माडी चढून यायची आणि अर्धी अधिक टोळी नोंद न होता उतरून जायची.

घरी तिचं कशात लक्ष लागेना. माय पत्र्याची पेटी काढून तवा, परात, गोधड्या एकेक करून बाजूला ठेवायला लागली होती. यशोधरा तिला जाऊ नको म्हणाली. दगडाबाईनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पिठाचा डबा झटकला. तुझ्या अर्धवेळावर दोघींचं भागतंय का, एवढंच विचारलं. यशोधरानं खाली बसून गोधड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

त्याच आठवड्यात पंडितरावांनी तिच्यापुढं एक कागद टाकला. ट्रस्टच्या वडीलधाऱ्या मंडळींना कंपनीच्या अहवालातली इंग्रजी पदं कळेनात, तेव्हा कुणीतरी ती मराठीत करून पाठवावीत असा निरोप होता. तू बी.ए. आहेस, कर, म्हणाले. कागदावर एकेका पदाचं नाव आणि त्याखाली तो माणूस काय करतो ते दोन ओळींत लिहिलं होतं. इंटरफेस डिझायनर : पडद्यावर काय कुठं दिसावं ते ठरवणारा. इन्फर्मेशन आर्किटेक्ट : माहितीची मांडणी करणारा. तिला जरा गंमत वाटली. गवंडी सोडून सगळी माणसं होती त्यात. मग सातवं पद आलं, युजर रिसर्चर. खाली लिहिलं होतं : वापरणाऱ्यांच्या शेजारी बसून ते कुठे अडतात ते पाहणारा व त्याची नोंद ठेवणारा.

तिनं ते दोनदा वाचलं. हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणजे ह्याला नाव आहे! पुण्यात ह्या कामाला माणसं ठेवतात, पगार देतात, खुर्ची देतात! आणि इथं ती दोनशे पानी वही संपवून दुसरी आणायच्या बेतात असताना तिला पुस्तिका वाचा म्हणून सांगतात! आधी तिला हसू आलं, मग असा संताप आला की 'वापरणारा' हा शब्द तिनं कागद फाटेपर्यंत गिरवला. पुढचं पद होतं युजेबिलिटी इंजिनिअर, प्रोग्राम वापरायला सोपा करणारा, आणि त्याच्यासमोर नाव छापलं होतं रुचिकाचं.

रुचिका म्हणजे खालच्या शिवलिंगप्पाचीच मुलगी. ऑफिस इथं आलं तेच तिच्यामुळं. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती यशोधराच्या दोन वर्षं पुढं होती, मग लातूर, मग पुणे, आणि आता प्रोग्रामवाल्या त्याच कंपनीत. अप्पा गावात पोरगी इंजिनिअर असल्याचं सांगायचा, म्हणून एकदा एका माणसानं तिच्यासाठी बिघडलेली पाण्याची मोटार दुकानात आणून ठेवली होती. ती आठ दिवस तिथंच पडून होती.

दसऱ्याला सहा दिवस असताना रुचिका नवरात्राला घरी आली आणि दुसऱ्या सकाळी माडीवर आली. पंडितराव उठून उभे राहिले. यशोधराही राहिली, आणि मग तिला स्वतःचाच राग आला. मॅडम म्हणायचं का रुचिकाताई, हे ठरेना. नुसती वही उघडून पुढं सरकवली आणि धोंडीरामचं पान दाखवलं.

रुचिका उभ्यानं वाचायला लागली, मग स्टूल ओढून बसली. पानं उलटत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. वही मिटून ती म्हणाली, "कोयता म्हणजे कामगार, असं मीच सांगितलं होतं तिथं. मी बीडची आहे, मला माहीत आहे, असं म्हणाले मी. म्हणून कुणी परत विचारलंच नाही."

यशोधराला वाटलं, हिला धरून गदागदा हलवावं. लहानपणापासून दुकानाच्या दारातून ऊसतोडीचे ट्रक जाताना बघितले की हिनं! पण बघितले ते दारातून, एवढाच काय तो फरक. यशोधरा म्हणाली, चला माझ्या घरी.

भीमनगरात दगडाबाई भाकरी थापत होती. अप्पाची रुचिका घरी आली म्हणून तिनं घाईनं बसायला चवाळं टाकलं. रुचिकानं तिला विचारलं की तिकडं तुम्ही काय काय काम करता. दगडाबाई सांगत गेली : तोडती, पाचट काढती, मोळ्या बांधती, ट्रक भरती, सांजच्याला बैलाच्या चाऱ्याला वाढं आणती. मग तुम्ही अर्ध्या कशा, असं रुचिकानं विचारलं तेव्हा तिला प्रश्नच कळला नाही. "अर्दीच की," ती म्हणाली, "मालक न्हाई न्हवं." तिनं चुलीकडं पाय वळवला आणि रुचिकाला उरलेली तीन बोटं दिसली. ती चवाळ्यावरून उठली.

परतताना पिंपळाच्या पारापाशी रुचिका थांबली. आज माझ्या सहीनं बदल पाठवला तर उद्या संध्याकाळपर्यंत प्रोग्राम दुरुस्त होऊन येईल, म्हणाली. तुझ्या नावानं पाठवला तर तो कमिटीपुढं जाईल आणि कमिटी दिवाळीनंतर बसते. सोबत वहीसुद्धा लागेल, आणि पाहणी ज्याची सही त्याचीच धरतात.

"दोघींची नावं टाका," यशोधरा म्हणाली.

"फॉर्ममध्ये नावाला एकच ओळ आहे गं."

यशोधरा हसली. हसायचं नव्हतं, पण आलं. "म्हंजे आपण दोघी मिळून एक कोयता," ती म्हणाली.

रुचिकानं मान खाली घातली. ती वाईट पोरगी नव्हती, हे यशोधरालाही कळत होतं आणि त्यानंच जास्त जळत होतं. एखादी उर्मट असती तर भांडता तरी आलं असतं. दुपारभर यशोधरा माडीवर येरझाऱ्या घालत राहिली. वही पोटाशी धरायची, टेबलावर ठेवायची, परत उचलायची. एकशे ऐंशी पानं तिच्या हातची होती. नाव गेलं तर ती कायमची ऑपरेटर, तीही अर्धवेळ. नाव धरून बसली तर माय परत त्या रांगेत, परत बाजूला. सव्वाचारला तिनं जिना उतरून वही अप्पाच्या गल्ल्यावर ठेवली. रुचिकाला द्या, म्हणाली, आणि थांबली नाही.

प्रोग्राम दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन आला. आता आकडा माणसांचा होता, ओळी हव्या तेवढ्या उघडत होत्या आणि पतीचं नाव सगळ्यात शेवटी गेलं होतं. मग जी धावपळ झाली ती विचारू नका. गेलेल्या टोळ्यांना निरोप धाडले, बायका कडेवर पोरं घेऊन जिन्यात दाटीवाटीनं बसल्या, अप्पानं गिऱ्हाईकाला वाट नाही म्हणून आरडाओरडा केला आणि मग स्वतःच सगळ्यांना पाणी दिलं. तीन दिवसांत यशोधराची बोटं आखडून गेली. मायचं नाव टाइप करताना मात्र तिनं एकेक अक्षर सावकाश दाबलं.

दसऱ्याच्या दिवशी विहारात धम्मचक्र दिनाची खीर वाटत असताना पंडितराव पुण्याहून रातोरात एसटीनं आलेलं पार्सल घेऊन भीमनगरात आले. कार्डं आली होती. सोबत ट्रस्टचं पत्र होतं, ते त्यांनी उभ्यानंच वाचून दाखवलं. रुचिका मॅडमच्या अभ्यासपूर्ण पाहणीचं कौतुक, आणि या पाहणीमुळं बीड जिल्ह्यासाठी युजर रिसर्चरचं एक पद नव्यानं काढल्याची बातमी. अर्जाचा नमुनाही होता, पूर्वीचे पदनाम आणि अनुभव लिहायला रकाना ठेवलेला. पंडितरावांनी तो यशोधराला दिला, पण तिच्याकडं न बघता. अनुभव तर कागदावर मॅडमचा दिसतो, म्हणाले. तिनं खिरीची वाटी खाली ठेवली आणि अर्जाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ट्रक पेठेत लागले. पेट्या, गोधड्या, कोंबड्या, सगळं वर चढलं. धोंडीराम दरवर्षी हजेरी घ्यायचा ती गड्यांची नावं पुकारून, आणि शेवटी 'आन् अर्दा' म्हणायचा. यंदा त्याच्या हातात कार्डांची चळत होती. तो एकेक कार्ड वाचत गेला, गड्याचं, मग बाईचं. बायका आपलं नाव ऐकून आधी बावरायच्या, मग हसत हात वर करायच्या. शेवटचं कार्ड आलं. दगडाबाई बन्सी ओव्हाळ. "हाय," दगडाबाई म्हणाली, आणि लंगडत पुढं येऊन तिनं ते कार्ड पदराच्या गाठीत बांधलं.

एक म्हातारी ट्रकातून वाकून म्हणाली, हे कुणी केलं गं बाई? अप्पाच्या पोरीनं म्हनं. दगडाबाईनं नाही म्हणून मान हलवली. "माज्या लेकीनं."

"काय हाय ती तितं?"

दगडाबाई अडली. ऑपरेटर हा शब्द तिला कधी आठवायचाच नाही. मग ती म्हणाली, "ती बगती. मान्सं कुटं अडत्यात ते जवळ बसून बगती, आन् लिवून ठिवती."

ट्रक हलला. यशोधराला हात करायचंही सुधरलं नाही. पुण्याच्या कागदावरच्या त्या दोन ओळी तिच्या मायनं कधी वाचलेल्या नव्हत्या. तिला वाचताच येत नव्हतं. धूळ बसेपर्यंत ती रस्त्यात उभी राहिली, मग माडीवर जाऊन अर्ज काढला. 'पूर्वीचे पदनाम' या रकान्यात तिनं ऑपरेटर लिहिलं नाही. माणसं कुठं अडतात ते जवळ बसून बघते आणि लिहून ठेवते, असं लिहिलं. रकाना पुरला नाही, तेव्हा रेघ ओलांडून बाहेर लिहिलं आणि खाली पूर्ण नावाची सही केली.

पंडितरावांनी ते वाचलं आणि असं चालत नाही, पदनामात पदनामच लागतं, म्हणून सांगितलं. हा अर्ज परत येईल. येऊ द्या, ती म्हणाली. त्यांनी शिक्का हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि मग उमटवला. जिन्यात पावलं वाजली. मांजरसुंब्याकडच्या एका टोळीची मागं राहिलेली एक बाई वर आली होती, एकटीच, आणि काय विचारावं ते न कळून दारात उभी होती. यशोधरानं स्टूल पुढं ओढलं आणि नवी वही उघडली.